सुकलेल्या मोसंबीची माळ: करायची कशी आणि उतरवायची कधी

(हे या आठवड्याच्या एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट आहे. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे काय' वगैरे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? मग आधी दोन आवाज ऐका.

[टक. टक. टक.]

आणि हा दुसरा.

[थप. थप.]

दोन्ही मोसंबीच्या सुकवलेल्या चकत्या आहेत. एकाच दिवशी, एकाच सुरीने कापलेल्या. फोटो काढला तर कुठली कुठली हे मलाही सांगता येणार नाही. पण पहिली टेबलावर आपटली की बटणासारखी वाजते, दुसरी चामड्याच्या तुकड्यासारखी. पहिली महिनाभर दारावर आरामात टिकेल. दुसरीवर थोड्या दिवसांत बुरशी येईल. आजचा अख्खा एपिसोड या 'टक' आणि 'थप' मधल्या फरकावर आहे.

डिसेंबर आला की रील्सवर त्या माळा दिसायला लागतात. संत्र्याच्या पातळ चकत्या, मध्ये दालचिनीच्या कांड्या, चक्रीफूल, सगळं सुतळीत ओवलेलं आणि मागून पिवळा लाइट. युरोप-अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडावर, दारावर, खिडकीत हे लावतात. तिकडे लवंगा टोचलेलं अख्खं संत्रंही टांगतात, त्याला पोमँडर म्हणतात. आता आपल्याकडेही ख्रिसमस, न्यू इयर, हाऊस पार्टी अशा निमित्ताने लोक घरी करायला लागलेत. प्लास्टिक नाही, थर्मोकोल नाही, खर्च थोडका आणि घरभर वास. मीही केली. आणि चुकले. आधी ते सांगते.

०१:५० माझी पहिली माळ

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मी पुण्याच्या घरी वर्क फ्रॉम होम करत होते. व्हिडिओ बघून मोसंबी कापल्या, ओटीजीत ठेवल्या, तीन तासांनी छान सोनेरी दिसल्या म्हणून काढल्या. माळ केली आणि हॉलच्या खिडकीशी लावली. आजीची आरामखुर्ची तिथेच असते. तिला आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, 'नातीने केलीय' म्हणून.

मग काय, ख्रिसमस झाला, संक्रांत झाली, माळ तशीच. कुणी काढलीच नाही. घरातल्या वस्तूंचं असंच होतं, आठ-दहा दिवसांनी त्या दिसायच्या बंद होतात.

आजीला दमा आहे. जुलैत तिचा खोकला वाढला. पावसाळ्यात थोडा वाढतोच, पण या वेळी रात्री उठून बसावं लागत होतं. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी आहे का? मी ठामपणे 'नाही' म्हटलं. घरी येऊन तिच्या खुर्चीत बसले आणि वर बघितलं. माळेची खिडकीकडची बाजू करडी-हिरवी झाली होती. बोट लावलं तर पावडर उडाली.

आता इथे नीट बोलते. खोकला माळेमुळेच वाढला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडेही काही नाही. पण बुरशीचे बीजाणू दम्याच्या माणसाला त्रास देतात हे पक्कं आहे. आणि ते मी माझ्या हाताने तिच्या डोक्यापासून दोन हातांवर टांगून ठेवले होते.

मी रडवेली होऊन सांगायला गेले तर आजी म्हणाली, "अगं, कुरडया तरी आपण पावसाळ्यात गॅलरीत टांगून ठेवतो का? वाळवण ते वाळवण. डब्यात घालायचं."

त्या एका वाक्यात सगळं विज्ञान होतं. मला ते समजायला नंतर दोन वीकेंड वाचत बसावं लागलं.

०४:१० वाळणं आणि सादळणं

आपल्या भाषेत दोन फार नेमके शब्द आहेत, वाळणं आणि सादळणं. कुरमुरे पावसाळ्यात डब्याबाहेर राहिले की सादळतात. कुणी पाणी ओतलेलं नसतं, तरी मऊ पडतात. पाणी हवेतून येतं.

सुकलेल्या फळाचंही तेच होतं, उलट जास्तच होतं. कारण फळात साखर असते आणि साखर हवेतलं पाणी खेचते. सालीसकट मोसंबी किंवा संत्रं घेतलं तर त्यात वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आपण ते पाणी काढतो, पण साखर, आम्ल, साल सगळं तिथेच राहतं. म्हणजे सुकलेली चकती ही पाणी शोषायला टपून बसलेली वस्तू आहे.

आता बुरशीचा हिशोब. अन्नशास्त्रात एक आकडा वापरतात, वॉटर ॲक्टिव्हिटी. पदार्थातलं किती पाणी 'मोकळं' आहे, म्हणजे बुरशीला वापरता येण्यासारखं आहे, याचं हे माप. ते ० ते १ मध्ये असतं. ०.६ च्या खाली सहसा काहीच वाढत नाही. ०.७ च्या वर गेलं की बऱ्याच बुरशींची सोय होते.

आणि गंमत बघा. उघड्यावर ठेवलेला पदार्थ हळूहळू आजूबाजूच्या हवेशी बरोबरी करतो. हवेची आर्द्रता ४० टक्के असेल तर पदार्थ ०.४ कडे सरकतो. ८० टक्के असेल तर ०.८ कडे. बास! एवढंच गणित आहे. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी हवा कोरडी असते, माळ खूश. जुलैत आर्द्रता ८० च्या वर जाते, मग तुम्ही कितीही कडक सुकवलेली चकती असो, ती सादळणार आणि बुरशी धरणार.

म्हणजे माझ्या चुका दोन होत्या. पहिली, मी अर्धवट सुकवली. दुसरी, उतरवली नाही. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, लाइव्ह केलं म्हणजे काम संपलं नाही, मेंटेनन्स राहतोच. तेच.

०६:३० फळ कुठलं घ्यायचं

रीलमध्ये 'ऑरेंज' म्हणतात म्हणून आपण थेट नागपुरी संत्रं आणतो. खायला त्याच्यासारखं नाही, पण चकत्यांसाठी चुकीचं फळ. त्याची साल सैल असते, फोडी एकमेकींपासून सुटतात. कापलं की साल एका हातात, फोडी दुसऱ्या हातात. तिकडे जे वापरतात ते घट्ट सालीचं संत्रं असतं, आणि आपल्याकडे त्याचं सख्खं भावंड म्हणजे मोसंबी. साल गराला चिकटलेली, चकती गोल राहते. रंग थोडा फिका येतो, पण उजेडासमोर धरली की रंगीत काचेसारखी दिसते. किन्नूही चालतो, बिया मात्र काढाव्या लागतात.

नागपुरी संत्र्याची साल फेकू नका हं. ती हलक्या हाताने सपाट करा, कुकी कटरने किंवा कात्रीने चांदण्या, पानं, चंद्र कापा, सुईने भोक पाडा आणि ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत कडक होतात. सालीत साखर कमी, जाडी कमी, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हेच सगळ्यात सोपं.

लिंबू छोट्या माळेसाठी छान, पण पटकन तपकिरी होतं, तेव्हा लक्ष ठेवा. सफरचंद आडवं कापा, म्हणजे मध्ये बियांची चांदणी दिसते. कापल्यावर लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, नाहीतर हवा लागून काळं पडतं. कोकणात, गोव्यात असाल आणि कमरख मिळालं, म्हणजे आपलं स्टारफ्रूट, तर काहीच करायला नको, कापलं की चांदणीच पडते.

केळं, चिकू, द्राक्षं या भानगडीत पडू नका. साखर जास्त, सजावट चिकट, आणि मुंग्यांना आमंत्रण.

०८:२० सुकवायचं कसं

एक: फळ धुऊन अगदी कोरडं पुसा. दोन्ही टोकं कापून टाका. टाकून म्हणजे, पिळून रस प्या.

दोन: ५ मिलिमीटरच्या चकत्या करा. एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली तर जी जाडी होते, त्यापेक्षा जराशी जास्त. फार पातळ कापली तर गर फाटतो, जाड कापली तर आतून सुकतच नाही. सगळ्या सारख्या जाडीच्या असणं जास्त महत्त्वाचं, नाहीतर एक करपते आणि शेजारची ओली राहते. बिया टोकाने काढा.

तीन: चकत्या कोरड्या कापडावर ठेवून वरून दुसऱ्या कापडाने टिपा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ओव्हनचा बराच वेळ वाचतो.

चार: जाळीवर पसरवा, ट्रेवर नाही. खालून हवा लागली पाहिजे. एकीला दुसरी चिकटता कामा नये.

पाच: ओटीजी १०० अंशांवर. बऱ्याच ओटीजींचा आकडा तिथूनच सुरू होतो. दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवा. कारण आपल्याला भाजायचं नाहीये, वाफ बाहेर घालवायची आहे. दार बंद ठेवलं तर आतली हवाच ओली होते आणि पाणी जाणार कुठे? दर अर्ध्या तासाने चकत्या उलटा.

आता घाई करून १५० अंशांवर ठेवलं तर? माझ्यावर विश्वास ठेवा, करून बघितलंय. बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. वरून कडक, आतून ओली. शिवाय साखर करपून तपकिरी, कडू वास. म्हणजे ना रंग ना सुगंध.

१०:४० घड्याळ नको, वजनकाटा

'किती वेळ लागतो?' हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. खरं उत्तर: घड्याळावर जाऊ नका. फळाची जात, जाडी, ओटीजी, त्या दिवशीची हवा, सगळं बदलतं. साधारण चार ते पाच तास धरा, पण ठरवू द्या वजनकाट्याला. किचनमधला साधा डिजिटल काटा पुरतो.

या डिसेंबरचे माझे आकडे सांगते. १२ चकत्या, सुरुवातीला २४० ग्रॅम. तीन तासांनी ६५ ग्रॅम. इथे त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की कुणीही म्हणेल झालं. दोन वर्षांपूर्वी मी इथेच थांबले होते. साडेचार तासांनी ४९ ग्रॅम. अजून अर्ध्या तासाने पुन्हा ४९. तिथे थांबले.

आता ६५ आणि ४९ मध्ये फरक काय? १६ ग्रॅम, म्हणजे तीन-साडेतीन चमचे पाणी. डोळ्यांना दिसत नाही, पण ६५ ग्रॅमच्या ढिगात जवळपास एक तृतीयांश पाणीच होतं. बुरशीसाठी ती मेजवानी आहे.

तर नियम असा. सुरुवातीच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली यायला हवं, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा वजन केलं तर आकडा हलता कामा नये. हलला नाही म्हणजे जाण्यासारखं पाणी गेलं. वजन करताना चकत्या आधी पाच मिनिटं गार होऊ द्या. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्या की कडक होतात.

मग पुढची पायरी, जी कुठल्याच रीलमध्ये नसते. माळ लगेच करू नका. सगळ्या चकत्या काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावा, आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा. एखादी थोडी ओलसर असेल तर तिचा ओलावा बाकीच्यांत सारखा पसरतो. बरणीच्या आत वाफ धरली किंवा चकत्या मऊ पडल्या तर परत ओटीजीत अर्धा तास. नाही पडल्या तर माळ करायला मोकळ्या. आजीची चाचणी त्याहून सोपी आहे, ती चकती कानाशी धरते आणि नखाने वाजवते. टक आलं की पास.

१३:०० ओटीजी नसेल तर

हॉस्टेल, पीजी, रूमवर राहणाऱ्यांनो, तुमच्यासाठी ऊन आहे. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर या बाजूला गच्चीवर दुपारी चांगलं कोरडं ऊन असतं. चकत्या अजून थोड्या पातळ करा, चाळणीवर पसरवा, वर मलमलचं किंवा जुन्या ओढणीचं कापड बांधा आणि चार-पाच दिवस ऊन दाखवा. संध्याकाळी न विसरता आत आणा. रात्री दव पडतं आणि दिवसभराची कमाई जाते. हे पापड घालणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं.

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात हवेत ओलावा जास्त, तिथे नुसत्या उन्हावर अवलंबून राहू नका. एअर फ्रायर असेल तर सगळ्यात कमी तापमानाला, जाळीखाली चकत्या दाबून. नाहीतर चकत्या हलक्या असल्यामुळे आतल्या वाऱ्याने उडतात आणि फिरतात.

आणि विजेचंही प्रामाणिकपणे बोलू. १५०० वॉटचा ओटीजी सलग चार तास पूर्ण चालला तर ६ युनिट होतात. तो मध्ये मध्ये बंद होत राहतो, म्हणून प्रत्यक्षात कमी. पण 'नैसर्गिक' म्हणजे फुकट नाही. मी आता तासभर ओटीजी आणि पुढचे दोन-तीन दिवस ऊन असं करते, शेवटी वजन पक्कं करायला परत थोडा वेळ ओटीजी. बिल कमी, आणि उन्हात रंगही छान राहतो.

१४:५० माळ ओवताना

दाभण किंवा जाड सुई घ्या, सुतळी किंवा जाड सुती दोरा. भोक सालीच्या अगदी आतल्या बाजूला पाडा, मधोमध नको. प्रत्येक चकतीच्या दोन्ही बाजूंना गाठ मारा, नाहीतर सगळ्या घसरून मध्यभागी सभा भरवतात. दालचिनी, चक्रीफूल, तमालपत्र मध्ये बांधा, मसाल्याच्या डब्यात असतंच.

भिंतीला चिकटवून लावू नका. माझ्या माळेची भिंत-खिडकीकडची बाजूच आधी सडली होती, कारण तिथे हवा खेळत नव्हती. किचनच्या शेगडीवर नको, बाथरूमच्या दाराशी नको.

पणती, मेणबत्तीपासून लांब ठेवा. लहानपणी संत्र्याची साल ज्योतीजवळ पिळून ठिणग्या उडवल्यात ना? ते सालीतलं तेल, आणि ते पेट घेतं. त्यात सुकलेली चकती, सुती दोरा. म्हणजे काडेपेटीच. छोटे एलईडी गरम होत नाहीत, ते चालतात.

वॉर्निश मारायचं का? मी मारत नाही. चमक येते, पण वास जातो आणि शेवटी माळ खतात टाकता येत नाही. आत ओलावा राहिला असेल तर तोही आत कोंडला जातो. आणि हो, टांगलेली चकती नंतर चहात टाकू नका. धूळ बसलेली असते.

मुंग्या लागल्या तर त्यांच्यावर चिडू नका. चकत्या चिकट झाल्यात, म्हणजे सादळायला लागल्यात, असं त्या सांगतायत.

१६:३० आणि उतरवायची कधी

हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता, म्हणून इतका वेळ घेतला.

विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. फळांची सजावट आपल्याला नवी नाहीच. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात, सिंधुदुर्गात मंडपी. सुपारीचे घड, नारळ, कवंडळ, कांगलं, रानातली कितीतरी फळं-फुलं. सगळं ताजं. भाद्रपदातल्या त्या दमट हवेत सुकं काही टिकणारच नाही, म्हणून ताजं आणा, थोडे दिवस लावा, गणपतीबरोबर निरोप द्या. उलट संक्रांतीला हलव्याचे दागिने करतात. निव्वळ साखर! पण ते पौषातल्या थंड, कोरड्या हवेत. तेच दागिने जुलैत करून बघा, हाताला चिकटतील.

म्हणजे आधीच्या लोकांनी सजावट ऋतूला बांधली होती. मी एका कोरड्या ऋतूची वस्तू ओल्या ऋतूत टांगून ठेवली, आणि त्याची किंमत कदाचित आजीच्या छातीने मोजली.

म्हणून आता माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन रिमाइंडर आहेत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी 'मोसंबी आणणे'. आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी 'माळ उतरवणे'. मुंबई-कोकणवाल्यांनी तर दोन आठवडे पुरे समजा.

उतरवल्यावर एकेक चकती बघायची. कडक असेल तर तासभर ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या. डब्यावर 'खायचं नाही' लिहा. पुढच्या डिसेंबरला तीच माळ परत लागते. नुसती मऊ पडली असेल, डाग नसेल, तर ओटीजीत अर्धा तास आणि मग डबा. काळा, हिरवा, पांढरा, कुठलाही ठिपका दिसला तर ती झटकायची नाही, पुसायची नाही. पिशवीत घालून तोंड बांधून थेट बाहेर. घरात कुणाला दमा, ॲलर्जी असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं.

आजीला आता बरं आहे. पंप चालू आहे, पण रात्री झोपते. यंदाची माळ तिच्या खुर्चीपासून लांब, दाराच्या चौकटीला लावली. प्रत्येक चकती तिने वाजवून पास केली, आणि तीन नापास केल्या. सुरुवातीला ऐकवली ती 'थप' त्यातलीच एक. मी काट्यावर ठेवून बघितलं, खरंच दोन-दोन ग्रॅम जड होत्या.

तुम्ही केलीत तर मला फोटो नको, आवाज पाठवा. टेबलावर आपटून व्हॉइस नोट. टक आहे की थप, पुढच्या एपिसोडमध्ये सांगते. चला, भेटू. काळजी घ्या.